गोधडीच्या खालचं लुगडं

मला शिवण येतं, असं मी लग्नाआधी चारचौघांत सांगत असे. त्याला पुरावाही होता. नदीपलीकडे भंडाऱ्यात एक शिवणवर्ग चालायचा, तिथं मी एक उन्हाळाभर गेले होते आणि शेवटी मास्तरीणबाईंनी मला एक प्रमाणपत्र दिलं होतं. माझी प्रगती 'समाधानकारक' असल्याचं त्यात लिहिलं होतं. कारध्याला आमच्या घरी ते काचेत बसवून घेतलं आणि लग्नात थेट रुखवतात मांडलं. शेजारी मी स्वतः भरलेला टेबलक्लॉथ, त्यावर दोन पोपट. एका पोपटाची चोच शेपटीपेक्षा लांब झाली होती, पण लग्नघाईत तिकडे कोण बघतं. सासरी एकोडीला आल्यावर कळलं, की या घरात टेबलच नाही. मग पोपट धान साठवायच्या बांबूच्या ढोलीवर जाऊन बसले, आणि पहिल्याच वर्षी उंदरांनी लांब चोचीचा पोपट खाल्ला.

कारधा तसं खेडंच, पण पूल ओलांडला की भंडारा, म्हणून मी स्वतःला शहरातली समजायची. एकोडीत मी ठरवून पुस्तकातलं मराठी बोलत असे. 'मला', 'तुला', 'का बरं?' असं. माझ्या माहेरीही 'मले-तुले'च चालायचं, पण ते सासरी सांगायची काय गरज? विहिरीवर बायका माझं बोलणं ऐकायला घागर भरून झाली तरी थांबायच्या. त्या कौतुकानं थांबतात, असा माझा समज होता.

घरात माणसं मोजकीच. नवरा, भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. सासूबाई फार पूर्वी गेल्या, नवरा रांगत होता तेव्हा. जाऊबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, जेमतेम पंधरा वर्षांच्या. स्वतःचं लुगडं अजून नीट आवरता येत नव्हतं, तोवर कमरेवर दीर आला. त्यांनीच त्याला वाढवला. पुढे त्यांना स्वतःची दोन मुलं झाली आणि दोन्ही तान्हेपणीच गेली. हे मला लग्नानंतर महिन्याभरात गावानं सांगितलं. त्यांनी स्वतः तो विषय कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. मी त्यांना 'बाई' म्हणायची. त्या मला 'अवो' म्हणायच्या, आणि त्या 'अवो'तच कधी माया असायची, कधी रागावणं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. मला दिवस गेले आणि पहिले तीन-चार महिने मी अन्नाच्या वासानंच गार पडायची. मागच्या अंगणात उलट्या करून आले, की जाऊबाई न बोलता चुलीजवळ पाय पसरून बसायच्या आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं टाकायची. गालाखाली त्यांचं घरात नेसायचं निळं लुगडं असायचं. हातमागाचं, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की कापड कुठं संपतं आणि मांडी कुठं सुरू होते ते कळत नसे. त्याला धुराचा आणि ओल्या धानाचा वास यायचा. एरवी वासानं मला मळमळायचं, पण या वासानं नाही. शिकल्यासवरल्याचा तोरा मिरवणारी मी तिथं लहान पोरीसारखी झोपून जायची.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी जायचं, हे ठरलेलंच. पण त्या घरची एक रीत होती. लेकरू जन्मतं आजोळी, तरी त्याच्या अंगाखाली जाते ती गोधडी बापाच्या घरची हवी. म्हणजे मी जाण्याआधी ती तयार व्हायला हवी होती. गोधडी मीच शिवणार, असं मी जाहीर करून टाकलं. जाऊबाईंनी एकदा काचेतल्या प्रमाणपत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "शिव," एवढंच म्हणाल्या.

आता शिवणवर्गात शिकवलं होतं, की कोणत्याही कामाची सुरुवात कापडाच्या निवडीपासून होते. वरची बाजू कशीही असो, अस्तर उत्तम हवं. मी अस्तर म्हणायची, जाऊबाई नुसतं 'खालचं' म्हणायच्या. तर खालचं आणायला मी बाजाराच्या दिवशी बैलबंडीत बसून नवऱ्याबरोबर सानगडीला गेले. वाटेत प्रत्येक खड्ड्यात नवरा मागं वळून बघायचा, मी आहे ना म्हणून.

कापडाच्या दुकानात मी गादीवर ऐसपैस बसले आणि दुकानदाराला म्हटलं, "बाळाच्या गोधडीसाठी अस्तर दाखवा." त्यानं मांजरपाट काढला. मी बोटानं चोळून म्हटलं, खरबरीत आहे. पॉपलीन काढलं. म्हटलं, पातळ आहे. छिटाचं कापड काढलं, त्यावर फुलं होती. म्हटलं, फुलांकडे बघून बाळाचे डोळे थकतील. हे मी कुठं वाचलं होतं, देव जाणे. बहुधा कुठंच नाही. शेवटी त्यानं लालभडक फलालीन उलगडलं. हात फिरवला तर मांजराच्या पिल्लासारखं मऊ. "रंग पक्का आहे का?" असं मी जाणकारासारखं विचारलं. "वहिनी, कापड फाटेल पण रंग नाही जाणार," तो म्हणाला. नवरा हळूच म्हणाला, "वैनीले विचारलं असतं एकदा." मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं पिशवी पुढं केली.

शिवण्याआधी कापड धुऊन घ्यावं, हेही वर्गात शिकवलं होतं. ते मी तंतोतंत पाळलं. फक्त त्याच बादलीत नवऱ्याची दोन बनियानं आणि भासऱ्यांचं धोतर टाकलं. कापड फाटलं नाही. बाकी दुकानदार बोलला त्याच्या उलट झालं. भासऱ्यांचं धोतर गुलाबी निघालं. भासरे माणूस सज्जन. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची त्या घरात पद्धत नव्हती आणि ती त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडली. ते गुलाबी धोतर नेसून ते खळ्यावर गेले, कारण दुसरं ओलं होतं. खळ्यावर धानाचं चुरणं चाललं होतं, अर्धं गाव तिथं. संध्याकाळी विहिरीवर एकीनं मला विचारलं, "काय वो बाई, तुमच्या घरी होळी लवकर आली का?"

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फलालीन पिळून दांडीवर टाकलं आणि मला समोर बसवलं.

"अवो, लेकराच्या अंगाखाली नवं कापड घालत नसते. नवं टोचते. अन् जलमाच्या आधी नवं घरात आनूबी नये."

"मग काय घालायचं?"

"वरचे तुकडे घरोघरचे मांगून आनायचे. सगळ्या घरचं थोडं थोडं लेकरावर असलं पाहिजे. अन् खालचं एकसंध पाहिजे. नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं. लेकुरवाळीचं. जिचे लेकरं जगले तिचं. अंगाले तेच लागते ना."

घरोघर तुकडे मागायचे म्हणजे मला भिकाऱ्यासारखं वाटलं आणि मी तसं बोललेही. पण गुलाबी धोतरानंतर घरात माझं वजन उरलं नव्हतं. पदर खोचून निघाले. आणि मला सांगायला हवं, की तुकडे मागायला फिरताना जितकी मजा आली तितकी मला गावात आल्यापासून आली नव्हती. कोणी पोलक्याची बाही दिली, कोणी परकराचा घेर, कोणी नवऱ्याच्या फेट्याचं टोक त्याला न विचारता कापून दिलं. प्रत्येकीनं तुकड्याबरोबर सल्ला दिला. पेरू खाऊ नको, डाव्या कुशीवर नीज, नवऱ्याशी भांडू नको. शेवटचा सल्ला तर चार-पाच घरांतून मिळाला, म्हणजे आमचा आवाज बराच लांब जात असावा.

तुकडे जमले. आता राहिलं खालचं. घरी आले तर दारातच दांडीवर जाऊबाईंचं ते निळं लुगडं वाळत होतं. लाल काठाचं, माझ्या गालाच्या ओळखीचं. मला तेव्हाच कळलं, की मला माझ्या बाळाच्या अंगाखाली हेच हवंय. दुसरं कुठलंही नको. या घरात आल्यावर मला आईसारखं जे काही मिळालं, ते त्या लुगड्यात होतं, आणि ते मला माझ्या लेकराला द्यायचं होतं.

"बाई, खालचं मिळालं," मी म्हटलं. "हे द्या."

सुपातलं धान पाखडता पाखडता त्यांचा हात थांबला. "माहं नोको," म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

"का बरं?"

"नोको म्हटलं ना."

का नको ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझा स्वभाव असा, की कोणी 'नको' म्हटलं की मला व्याख्यान सुचतं. मी तिथंच सुरू झाले. अंधश्रद्धा, विज्ञान, जंतू, स्वच्छता. कापडाला काय कळतं ते कोणी नेसलं होतं? शुद्ध मराठीत, एकही 'ले' न लावता, मी चांगला अर्धा तास बोलले असेन. मध्ये एकदा 'तर्कदृष्ट्या' असा शब्दही वापरला. बोलणं संपल्यावर मी श्वास घेतला तेव्हा जाऊबाई उठल्या. "भात उतरवतो, करपून राहिला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला गल्लीच्या टोकाच्या म्हातारीकडे पाठवलं. तिची नऊ लेकरं, नऊही जिवंत आणि सगळीच्या सगळी गावात भांडत असलेली. लेकुरवाळी म्हणावी तर अशी. म्हातारीनं खूश होऊन लुगडं काढून दिलं. "घेऊन जाय बाई, माह्या लेकरायसारखं धट्टंकट्टं होईन." मी लुगडं उन्हात धरलं, तर त्यातून मला म्हातारी आणि तिच्यामागची गाय दोघी स्पष्ट दिसल्या. नऊ लेकरांनी त्या लुगड्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. घरी आणून मी सुई घातली, तर टाक्याबरोबर कापडच उचलून आलं. शिवाय त्याला तंबाखूचा असा भपका होता, की मी तिसऱ्या टाक्यालाच मागच्या अंगणात पळाले.

परत आले तेव्हा दांडीवर निळं लुगडं वाऱ्यावर हलत होतं. जाऊबाई खळ्यावर गेलेल्या. आणि मला, प्रमाणपत्र मिळालेल्या, शहरात शिकलेल्या, भंडाऱ्याच्या शाळेत नागरिकशास्त्रात पहिल्या आलेल्या मला, चोरी करायची बुद्धी झाली.

बेत मला तेव्हा फारच हुशारीचा वाटला होता. लुगडं ओढून घेतलं. लाल काठ ओळखू येईल म्हणून दोन्हीकडचा काठ कात्रीनं कापून उशीखाली लपवला. उरलेलं निळं कापड उलटं केलं, घडी घातली आणि म्हातारीचं म्हणून समोर ठेवून शिवायला बसले. म्हातारीनं दुसरं दिलं, असं सांगायचं. दांडीवरचं कुठं गेलं म्हणून विचारलं तर वाऱ्यानं उडालं असेल, असं सांगायचं. सातवा महिना लागत आलेला, पोट इतकं पुढं, की खाली वाकून सुई दिसत नव्हती, तरी चोरी करताना मला काही अडचण आली नाही.

दुपारी नवरा खळ्यावरून जेवायला आला. जाऊबाईही आल्या, त्याला भात आणि लाखोळीचं वरण वाढलं आणि माझ्याकडे वळल्या. "मिळालं का खालचं?"

"हो. म्हातारीनं दुसरं दिलं."

"पाहू."

त्यांनी कापड हातात घेतलं. बघितलंसुद्धा नाही, नुसती बोटं फिरवली. एका जागी थांबल्या. तिथं चुलीची ठिणगी उडून पडलेलं भोक होतं आणि काळ्या दोऱ्यानं घातलेला रफू.

"बुढी माह्या चुलीपाशी येऊन लुगडं जाळून गेली का वो?"

नवरा ताटात बघत होता.

"काठ कुठी हाये?"

"उशीखाली."

मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्या खाली बसल्या. कापड मांडीवर घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तुले मालूम नाही का? साऱ्या गावाले मालूम हाये. दोघं निजले माह्या लुगड्यावर. दोघंबी नाही राहिले. मी नाही म्हणतो ते तुह्यासाठी म्हणतो का माह्यासाठी? मंग काहून माह्यामागं लागून राहिली?"

त्यांना मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही रडल्या नाहीत. पण तो रफू त्या अंगठ्यानं पुन्हा पुन्हा सपाट करत होत्या, आणि ते मला बघवेना. असं काही बघवेना, की मला राग येतो. हा माझ्यातला जुना बिघाड. दुसऱ्या बायका अशा वेळी डोळ्याला पदर लावतात, मी भांडायला उठते. त्या क्षणी माझी शाळेतली भाषा पार पळून गेली.

"अन् हे?" मी नवऱ्याकडे बोट केलं. "हे लहानपनी कोनाच्या लुगड्यावर निजत होते?"

जाऊबाईंनी वर पाहिलं. "माह्याच. दुसरं कोन होतं त्याले?"

"मंग हे मेले का?"

नवऱ्याचा घास हातात राहिला. बाहेर ओसरीवर भासरे खाकरले.

"पाहा ना! जिते हायेत! दोन टाईम भात खाऊन राहिले! ओकारीबी नाही येत त्यायले!"

"तो माह्या पोटचा नोव्हता वो," जाऊबाई म्हणाल्या. "पोटचे नाही राहिले माहे."

"मंग हे कोनाच्या पोटचं हाये?" मी दोन्ही हातांनी पोट धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. "हे तुमच्या पोटचं हाये का? हे माह्या पोटचं हाये! तुमच्या लुगड्यावर दुसऱ्याच्या पोटचे जगते. मंग?"

आदल्या दिवशीचं माझं विज्ञान, जंतू, तर्कदृष्ट्या, सगळं गेलं होतं कुठल्या कुठं. मी जे बोलले त्याला शिवणवर्गात काय, कुठल्याच वर्गात कोणी उत्तीर्ण केलं नसतं. पण जाऊबाईंनी ते ऐकलं. त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. चांगला सहा फूट उंच, अंगावर अजून फिकट गुलाबी बनियान, हनुवटीला वरण लागलेलं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे त्यांनी या हिशेबानं कधी पाहिलंच नव्हतं.

नवरा बिचारा किती वेळ घास धरून बसणार. "वैनी," तो चाचरत म्हणाला, "वरन दे ना अजून थोडं."

जाऊबाईंनी वरण वाढलं. भातही वाढला, त्यानं मागितला नव्हता तरी. "खाय," म्हणाल्या, "पोटभर खाय." आणि तो सगळं संपवेपर्यंत त्याच्यासमोरून हलल्या नाहीत. मग हात पुसत माझ्याकडे आल्या.

"काठ आन उशीखालचा. काठाबिगर लुगडं कायचं?"

गोधडी आम्ही दोघींनी शिवली. काठ चारी बाजूंनी परत लावला, तो त्यांनीच लावला. मधले टाके माझे. माझी ओळ सरळ निघायची आणि मध्येच तलावाकडे निघालेल्या म्हशीसारखी भलतीकडे वळायची. दोनदा मी गोधडीबरोबर माझा परकरही शिवला. जाऊबाईंनी एकही टाका उसवला नाही. "राहू दे, लेकराले कुठी ओळी मोजायच्या हायेत," म्हणायच्या. पण भीती त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. मी माहेरी निघाले त्या सकाळी गाठोडं बांधताना गोधडी त्यांनी आत ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. एसटीत चढताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तिकडं दुसरी असन तं तीच वापरजो." मी गाठोडं छातीशी धरून वर चढले.

कारध्याला मला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी बायका जमल्या आणि माझ्या आईनं पाळण्यात गोधडी घातली, ती रंगीत तुकड्यांची बाजू वर करून. दिसायला तीच छान ना. सगळ्या वाकून वाकून बघायला लागल्या, हा तुकडा कुणाचा, तो कुणाचा. इतकं भांडण करून, चोरी करून, नवऱ्याला जिवंतपणी मेला का विचारून मिळवलेलं लुगडं खाली पाळण्याच्या फळीला लागलं होतं! मी बाजेवरून ओरडले, "उलटी करा! आधी उलटी करा!" कोणाला काही कळेना. आईला वाटलं, बाळाला उलटी झाली. तिनं पोरीला घाईघाईनं खांद्यावर टाकून पाठ थोपटायला घेतली. एक मावशी म्हणाली, बाळंतिणीच्या डोक्यात वारं शिरलं. शेवटी मीच उठून, कानाला बांधलेल्या फडक्यासकट पाळण्यापर्यंत गेले, गोधडी फिरवली, निळी बाजू वर केली आणि पोरीला त्यावर ठेवलं. तेव्हा कुठं बारसं पुढं सरकलं.

जाऊबाई बारशाला आल्या नाहीत. "वैनी म्हणे, घरी काम हाये," नवऱ्यानं सांगितलं. चैत्र होता, धान कधीच घरात येऊन पडलेलं होतं, काम कसलं आलंय? लाडूंचा डबा मात्र त्यांनी पाठवला होता. "रोज विचारते," नवरा म्हणाला. "गावात कोनी भंडाऱ्याकडून आलं का त्यालेबी विचारते. पोरगी बरी हाये का म्हणून. हाव म्हटलं का मंग जेवते."

हे ऐकल्यावर माझे दिवस काही बरे गेले नाहीत. पोरीला साधी शिंक आली तरी मला एकोडीची चूल दिसायची. मी फुशारकीनं शब्दांत पकडून त्यांच्याकडून लुगडं काढून घेतलं होतं. आता पोरीला साधं पडसं झालं असतं, तरी त्यांनी ते आपल्यावर घेतलं असतं, आणि मग माझं कुठलंच व्याख्यान कामाला आलं नसतं. तापावर बाळाला काय द्यायचं ते मी तीन-तीन जणींना विचारून ठेवलं. अंधश्रद्धेवर बोलणारी मी, पोरीची रोज दोनदा दृष्ट काढून घ्यायची.

पोरगी मात्र आजोळच्या दुधातुपावर टम्म फुगली. मिरग लागायच्या तोंडाला नवरा आम्हाला घ्यायला आला. एकोडीला पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. जाऊबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमच्यावरून तो ओवाळून टाकला, पोरीच्या पायावर पाणी घातलं, पण तिला घ्यायला हात पुढं केले नाहीत. मी पोरगी पुढं केली तर म्हणाल्या, "निजू दे, थकली असन." पोरगी टक्क जागी होती.

मी आत जाऊन चुलीजवळच्या जागेत गोधडी पसरली, निळी बाजू वर, आणि पोरीला त्यावर निजवलं. जाऊबाई हातभर अंतरावर येऊन बसल्या. पोरीकडे आधी पाहिलंच नाही. गोधडीकडे पाहिलं. ती धुऊन धुऊन फिकी पडली होती, एका कोपऱ्याचा दोरा सुटला होता.

"रोज ह्याच्यावरच?"

"रोज. बारशापासून."

मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. दंडाला वळ्या, मांडीला वळ्या, गालांमुळे डोळे बारीक झालेले. पोरीनं पाय झाडले, त्यांच्याकडे बघून तोंडाचं बोळकं पसरलं आणि हसता हसता सगळी गोधडी ओली करून टाकली.

मी तिला उचललं आणि इकडंतिकडं बघायला लागले. कारध्याला उन्हं होती, टाकलं की तासाभरात वाळायचं. दुसरं काही बरोबर आणायचं मला सुचलंच नव्हतं. "थांबा, माझं जुनं पातळ असेल कुठंतरी," मी म्हटलं आणि शोधायला वळले. एवढ्यात मागं पेटीचं झाकण वाजलं.

जाऊबाईंनी पेटीतून लुगडं काढलं होतं. जांभळं, रुंद काठाचं, लग्नाकार्यात दोन-चारदाच नेसलेलं. त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं तेच. त्यांनी काठाला दातांनी चीर दिली, दोन्ही हातांनी धरलं आणि सर्रकन फाडलं.

"अवो बाई, नेसायचं हाये ते!" मी ओरडले. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला कळलं नव्हतं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "पानकळा येऊन राहिला. एकच असन तं वाळन कधी अन् पोरगी निजन कशावर?" आणि माझ्या हातातून पोरगी घेऊन त्यांनी ती स्वतःच्या मांडीवर टाकली, अंगावरच्या लुगड्यावरच, आणि उरलेलं फाडायला घेतलं.